कासाराचा हातमोजा

बांगडी माझ्या हातातून पडली तेव्हा मला वाटलं, समोरच्या बाईनेच हात ओढून घेतला. संक्रांतीचा आठवडा होता. धामणगाव बढ्यातल्या माझ्या दुकानात बसायला जागा नव्हती. अशा गर्दीत बायका घाई करतात, हात ओढतात, आणि मी त्यांच्यावर ओरडतो. तसा ओरडायला गेलो तर तोंडातून शब्दच नीट निघेना. "काका, बांगडी वाढवली," ती बाई म्हणाली. आमच्या धंद्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. खाली पाहिलं तर काचा पायाजवळ पडल्या होत्या आणि माझा उजवा हात मांडीवर पडला होता, कोणी गिऱ्हाईक विसरून गेलेल्या पिशवीसारखा.

लकवा होता. बुलडाण्याला नेलं, सलाईन लावलं, नातेवाईक आले, रडले, बिस्किटं ठेवून गेले. पाय हळूहळू उचलू लागला. तोंड तर लवकरच पूर्वीसारखं झालं, आणि ते नसतं झालं तरी चाललं असतं असं बायको म्हणते. हात मात्र तसाच राहिला. घरी आल्यावर एकदा चहाच्या गरम पातेल्याला टेकला तरी मला कळलं नाही. बायकोने तो ओढून काढला. भाजला माझा हात आणि ओरडली ती.

हात बधिर झाला हे सगळ्यांना दिसत होतं. त्याच्यासोबत बाकीचाही मी बधिर झालो होतो, पण ते कोणाला सांगणार? लोक समोर येऊन बसायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, आणि मी त्यांच्या चपला कुठे काढल्यात ते बघायचो. धंदा बंद पडला होता. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उन्हाळ्यात पोरीचं लग्न ठरलं, स्थळ मेहकरचं, माणसं चांगली, मुलगा चांगला. मंडळींनी पेढा भरवला. तो गोड होता हे मला कळलं आणि त्यापुढे काही कळलं नाही.

त्या बैठकीत फक्त एक गोष्ट मला लागली. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची धरली, आणि कोणीतरी सहज म्हणालं, "चुड्यासाठी दुसरा कासार सांगून ठेवा मंग."

आमच्या घराण्यात पोरीचा चुडा तिचा बापच भरतो. मी मोताळा तालुक्यातल्या किती नवरींचे हात हिरवे केले असतील याचा हिशेब नाही. रोहिणखेडच्या मुसलमान घरांतूनही लग्नाचं बोलावणं यायचं. या कामाला दोन हात लागतात. डाव्या हाताने बाईची बोटं धरायची, उजव्याने तिचा पंजा दाबून अंगठा आत दुमडायचा, आणि त्याच उजव्याच्या दोन बोटांनी बांगडी पुढे सरकवायची. हाड कुठे नमतं आणि कुठे नाही, ते बोटांना कळावं लागतं. माझी बढाई एकच होती, माझ्या हातून कोणाला दुखलं नाही. आता दुसरा कासार माझ्या अंगणात बसणार आणि मी खुर्चीवरून बघणार. मी कोणाला काही बोललो नाही. रात्रीचं जेवण मात्र गेलं नाही, आणि बायकोने ते पाहिलं.

बुलडाण्यात एक केंद्र निघालं होतं, तिथे यंत्रावर हाताचा व्यायाम करून घेतात असं तिनेच कुठून तरी ऐकलं. आम्ही एसटीने राजूर घाट चढून जाऊ लागलो. ती खिडकीशी, मी कडेला, माझा उजवा हात तिच्या मांडीवर. गाडीच्या धक्क्याने तो खाली घसरला की ती उचलून परत ठेवायची.

यंत्र म्हणजे टेबलावर बसवलेला एक पांढरा दांडा आणि त्याला बोटं अडकवायच्या पट्ट्या. समोर पडदा. पडद्यावर पेरूचं झाड. हाताने पेरू धरायचा, तोडायचा, टोपलीत सोडायचा. आत एक बाई बोलायची, गोड, पुण्याकडची. "छान! खूप छान! अजून थोडा प्रयत्न करा." पेरू तोडायचं यंत्र आणि शाबासकी मला. जन्मात मला एवढी शाबासकी कोणी दिली नव्हती, आणि तीही काही न करता. त्या आवाजाचा मला राग यायचा. निदान राग तरी यायचा.

तिथे फिजिओथेरपीच्या एक मॅडम होत्या, आमच्या पोरीच्याच वयाच्या. त्या मला समजावून सांगायच्या. "काका, हे यंत्र तुमचा हात शिकतं. तुम्ही जेवढं कराल तेवढं तुमचं, उरलेलं ते करतं. तुम्ही जास्त करायला लागलात की ते आपोआप मदत कमी करतं. सायकल शिकवणारा मागची सीट हळूहळू सोडतो ना, तसं."

"अन् पडलो तं?" मी विचारलं.

"पडणार नाही. त्याला तुमच्या हाताची माहिती असते."

घरी वापरायला त्यांनी एक हातमोजा दिला. काळा, जाड, बोटांची टोकं उघडी, पाठीवर बारीक नळ्या. नळ्या एका छोट्या पेटीला जोडलेल्या, पेटीवर दाब कमी करायचं एक बटण. पेटीत हवा भरली की बोटं मिटायची, हवा सुटली की उघडायची. कोपराखाली एक पट्टा बांधायचा, तो स्नायूंची हालचाल ओळखायचा. म्हणजे मी नुसती मूठ करायची मनात आणली आणि स्नायू जरासा हलला, तरी मोजा पुढचं काम करणार. सगळी खबर मोबाइलवरून केंद्रात जायची. तिथलं मोठं यंत्र ती वाचायचं आणि पुढच्या वेळी मला किती मदत करायची ते ठरवायचं. सकाळ-संध्याकाळ व्यायाम करा, असं सांगितलं होतं.

मी करायचो. म्हणजे मोजा चढवायचो, भिंतीकडे बघत बसायचो, काढून ठेवायचो. आपला हात जगन्नाथ म्हणतात. माझा जगन्नाथ उठायला तयार नव्हता आणि मलाही त्याला उठवायची इच्छा नव्हती. चुड्याची आठवण आली की दोन-चार वेळा मूठ मिटायचो, मग पुन्हा भिंत.

पावसाळ्यात मॅडमचा फोन आला. "काका, घरी फार छान चाललंय तुमचं! ताकद वाढतेय." मला नवल वाटलं नाही. त्या आतल्या बाईसारखी यांनाही शाबासकीची सवय असेल, असं मी धरून चाललो. बायको चुलीपुढे होती. ती हसली आणि म्हणाली, "पाह्यलं? म्हनत व्हती ना मी."

हरतालिकेच्या दुसऱ्या दिवशी आमची केंद्रात जायची पाळी होती, गणपती बसायचा दिवस असूनही केंद्र सकाळपुरतं उघडं होतं. बायकोने निर्जळी उपास केला होता, सकाळी तो सोडून तशीच गाडीत बसली. मॅडम खुशीत होत्या. त्यांनी माझा हात यंत्राला बांधला, पेरूचं झाड आलं, आतली बाई म्हणाली, "चला, सुरुवात करूया."

काही झालं नाही. हात पट्ट्यांमध्ये लोंबकळत राहिला. आधी यंत्र मला न विचारता पेरूपर्यंत नेऊन सोडायचं, आता ते वाट बघत थांबलं होतं. "प्रयत्न करा," बाई म्हणाली. मी केला. खांदा वर गेला, हात जिथल्या तिथे. पेरू झाडावरच राहिले.

मॅडमनी पडदा पाहिला, माझा हात पाहिला, परत पडदा पाहिला. "असं कसं? घरचे आकडे बघून त्याने मदत कमी केलीय. घरी तर तुम्ही पूर्ण मूठ मिटताय." मग पिशवीतून मोजा काढून त्या तपासू लागल्या. मनगटाच्या चिकटपट्टीत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी नखाने ते काढलं. हिरव्या बांगडीचा तुकडा.

"कासाराचं घर हाय मॅडम," मी म्हणालो. "आमच्या भाजीतही काच निघते."

"माझी हाय ती," बायको म्हणाली.

ती भिंतीशी बाकावर बसली होती. पदर सावरून उभी राहिली, जशी ती देवळात उभी राहते. "मोजा घालताना बांगड्या वर सारा लागतात. एक पिचली."

मॅडमना अजून समजलं नव्हतं. मला समजलं होतं. दुपारी मी झोपायचो, तेव्हा माझी बायको माझा मोजा चढवून, कोपराखाली पट्टा बांधून, माझा व्यायाम करत होती.

"पण काकू, तुम्ही का केलात?"

"हे करून नाई राह्यले, मंग कोन करन?" ती म्हणाली. "तसं नाई मॅडम. कालचा उपास मी याईच्यासाठी धरला. पानी मी सोडते, आयुष्य याईचं वाढते. वडाले फेऱ्या मी मारते, त्या याईले लागू व्हतात. मंग व्यायाम मी केला तं तो काऊन नाई लागू व्हत?"

मॅडमच्या तोंडावर हसू आलं होतं, ते तिथेच थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू उत्तर मी द्यावं. आजवर तिचे सगळे उपास मी खुशाल घेतले होते, कधी म्हटलं नव्हतं की हा मला लागू झाला नाही.

"यंत्राला तसं कळत नाही काकू," शेवटी मॅडम म्हणाल्या. "त्याला वाटलं हा हात काकांचाच. त्याने तुमचा हात शिकला." मग त्यांनी काही बटणं दाबली. घरून आलेलं सगळं पुसून टाकलं. यंत्र बायकोचा हात विसरलं आणि मी पहिल्या दिवसावर आलो. बायको बाकावर बसली. एवढ्या दुपारींचं तिचं काम वाया गेलं होतं. मला तिची कीव यायला हवी होती. मी त्या पुसलेल्या पडद्याकडे बघत होतो आणि मला भूक लागली होती.

मॅडमनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. "काका, पेरू राहू द्या. तुम्हाला या हाताने नेमकं काय करायचंय?"

"पोरीचा चुडा भराचाय," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. बायकोने मान वर केली.

मग मॅडमनी मोज्याला नवा व्यायाम शिकवला. दाबायचं, धरायचं, सोडायचं. त्यासाठी कोणाचा तरी हात लागणार होता. त्या स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढू लागल्या, तोवर बायकोने आपला हात माझ्यापुढे ठेवलाही. "माझा हाय ना."

"चालेल. पण एक लक्षात ठेवा काकू. काकांच्या बोटांना किती दाबतोय ते कळत नाही. मोज्यालाही कळत नाही. ते फक्त तुम्हाला कळणार. दुखलं की तिथल्या तिथे सांगायचं. तुम्ही दोघं घरून मला कळवा, त्यावर मी मोज्याचा दाब ठरवेन."

"हाव," बायको म्हणाली.

त्या दिवसापासून आमचा खरा व्यायाम सुरू झाला. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर आतल्या बाजूला, अंधुक उजेडात आम्ही बसायचो. ती हात पुढे करायची, मी मोजा चढवून तिचा पंजा धरायचो. नवरा जिवंत असताना बाईने हात मोकळा ठेवू नये, म्हणून एक जुनी बांगडी ती मनगटात ठेवायची आणि नव्या मी भरायचो. भरायचो म्हणजे काय, पहिले किती तरी दिवस निम्म्या पिचायच्या, उरलेल्या अंगठ्यापाशी अडायच्या. पेटी घुं घुं करायची, बोटं मिटायची. मी तिच्या तोंडाकडे बघायचो.

"दुखलं का वं?"

"नाई."

"खरं सांग."

"नाई म्हनलं ना. भरा तुमी, मले सैपाक पडला."

मोबाइलवर रोज शेवटी प्रश्न यायचा, त्रास झाला का. पोरगी वाचून दाखवायची, बायको आतून ओरडायची, "नाई झाला म्हन." पोरगी तसं दाबायची. मॅडम म्हणाल्या, काकूंना त्रास होत नाही तर दाब थोडा वाढवू, दाब कमी म्हणूनच बांगडी पुढे सरकत नाही. वाढवला. आणि खरंच, बांगडी सरकली. एके दिवशी अंगठ्याचं हाड ओलांडून थेट मनगटावर गेली, तिथल्या जुन्या बांगडीला टेकून वाजली. बायकोने डोळे मिटले होते. मला वाटलं, आनंदाने.

दसऱ्यापर्यंत मी सगळा हात भरू लागलो. वेळ लागायचा, पण भरायचो. मोज्याची मदतही जराशी कमी झाली होती, आणि या वेळी ती माझ्या कामामुळे झाली होती. बोटांना मात्र काही कळत नव्हतं. बाईचा हात धरलाय की लाकडाचा, ते मला डोळ्यांनी बघूनच समजायचं. कोणी विचारलं की मी म्हणायचो, बोटांना कळो न कळो, चुडा भरला म्हणजे झालं. दुसऱ्या कासाराला सांगावा जायचा होता, तो मी थांबवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात मांडव होता. पोरगी पाटावर बसली, अंगाला हळदीचा वास, भोवती बायका. मी समोर बसलो, पेटी शेजारी ठेवली, मोजा चढवला. बायका तो मोजा बघून आपसात कुजबुजल्या, एक म्हणाली, "व माय, हे तं मिलिटरीवानी दिसते." सगळ्या हसल्या. पोरीने हात पुढे केला. हिरव्या बांगडीला हळद-कुंकू लावून बायकोने ती माझ्या बोटांत दिली.

मी पोरीची बोटं धरली. रोज करायचो तसं दाबलं. पेटी घुं घुं करू लागली.

"आई गं!"

ती इतक्या जोरात ओरडली की मांडवातलं बोलणं थांबलं. मी हात सोडला. तिच्या पंजाच्या कडेला लाल वण उठला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी ती लगेच म्हणाली, "काही नाई बाबा. नाई लागलं. भरा तुमी."

नवरीचा हात नाजूकच असतो, असं कोणीतरी म्हणालं. मी ते ऐकलं नाही. मी पोरीचं वाक्य ऐकत होतो. ते तिचं नव्हतं. ते मी रोज संध्याकाळी ओट्यावर ऐकलं होतं, तसंच, त्याच आवाजात.

"तुझा हात आण," मी बायकोला म्हणालो.

"आता माझा कायले? मुहूर्त चालला."

"आण म्हनलं ना."

तिने हात पुढे केला. लग्नघर म्हणून कोपरापर्यंत बांगड्या होत्या. मी डाव्या हाताने, माझ्या चांगल्या हाताने, त्या वर सारल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मी एवढे दिवस काकणंच बघत होतो. खाली मनगट निळं होतं. अंगठ्याच्या बुडाशी जुना पिवळा डाग, त्यावर नवा जांभळा, काचेच्या खुणा वाळलेल्या. पोरगी एका दाबात ओरडली होती, ते हिने भाद्रपदापासून घेतलं होतं.

"दुखत व्हतं तं सांगितलं काऊन नाई?"

ती इकडे तिकडे बायकांकडे पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "सांगितलं असतं तं तुमी भरनं सोडून देल्लं असतं."

ते खरं होतं. पहिल्याच दिवशी सोडून दिलं असतं आणि भिंतीकडे बघत बसलो असतो.

माझ्या छातीत काहीतरी हललं. ते काय होतं ते मला लगेच ओळखता आलं नाही, इतक्या दिवसांत सवय गेली होती. मग ओळखलं. मला वाईट वाटत होतं. मांडवात एवढ्या बायकांसमोर मला फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायलाही मला जमत नव्हतं.

"पेटीचं बटन कमी कर," मी म्हणालो. तिने केलं. "अजून." तिने अजून केलं. "आता इथं बस. दुखलं तं सांगाचं. नाई सांगितलं तं आज चुडा भरत नाई मी, मेहकरवाले परत गेले तरी चालन."

"काईतरीच काय बोलता..."

"बस."

ती पोरीच्या शेजारी पाटाच्या कडेवर बसली. मी तिचा पंजा धरला, डोळे तिच्या तोंडावर ठेवले. पेटी अगदी हलकी बोलू लागली. मी दाबलं. ती गप्प. मी आणखी दाबलं. तिचे ओठ मिटले, भुवई जराशी वर गेली. मी थांबलो नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, परत माझ्याकडे.

"दुखलं," ती म्हणाली.

मी हात सैल केला, आणि पोरीला म्हणालो, "आण तुझा हात."